गाडीने बसकण मारली

चोइदोगने जपानहून आलेली जुनी आलिशान गाडी घेतली तेव्हा आमच्या खोऱ्यात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, चोइदोगला माज आला. दुसऱ्याचं म्हणणं, माज त्याच्या बायकोला आला, तो बिचारा नुसता चालवतो. खरं कारण होतं त्याच्या आईचा गुडघा. पण गुडघ्यात चघळण्यासारखं काय असतं? म्हणून ते कुणी बोलत नव्हतं. मीही नाही.

त्याची आई, देजिदआजी, गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडली आणि तिचा उजवा गुडघा दुमडेनासा झाला. उंटावर बसता येईना. मालट्रकमध्ये चढवायला तीन माणसं लागायची आणि ती तिघांनाही शिव्या घालायची. इकडे गोबी-अल्ताईच्या वाळवंटी डोंगरांत वर्षातून चार वेळा तंबूसकट बिऱ्हाड हलतं. हिवाळ्याच्या तळावर जायचं तर मधे खिंड आहे, खिंडीत बोकडाएवढे धोंडे आहेत, आणि एकदा बर्फ पडलं की ती वाट वसंतापर्यंत मिटते. आजीने सांगून टाकलं होतं, "मला तालुक्याला लेकीकडे टाका. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून मरेन." चोइदोगला तेच नको होतं.

गाडी विकत होता शागदर. जुना कुस्तीगीर, आता पोट छातीच्या पुढे गेलेलं. त्याने गाडी उभी करून किल्ली फिरवली, तर गाडीने एक सुस्कारा टाकला आणि हळूहळू खाली बसली.

"बघ," शागदर म्हणाला, "उंटासारखी बसते. आईला पाय उचलावा लागणार नाही. चालू केलीस की उठते. हे बटण दाबलंस की आणखी उठते, खिंडीतला एक धोंडा पोटाला लागला तर माझं नाव बदल."

चोइदोगने तेरा घोडे दिले. त्यांत त्याचा करडा रवाळ घोडाही गेला, ज्याच्यावर बसून चहा प्यायला तरी वाडगा सांडत नसे. बदल्यात गाडी मिळाली, आणि गाडीच्या नाकावर तळहाताएवढं चकचकीत चिन्ह. ते चिन्ह लांबून दिसलं की तालुक्याचा पोलीस आधी सलाम करतो, मग थांबवतो. चोइदोग रोज सकाळी ते बाहीने पुसायचा. घोड्यांची तोंडं त्याने कधी पुसली नव्हती.

घरी आल्यावर आजीने चारही चाकांवर दूध शिंपडलं, आरशाला निळं रेशमी वस्त्र बांधलं, आणि उंटाला बसवताना म्हणतात तसं "सोग, सोग" म्हणत गाडीत बसली. दोन दिवस मजेत गेले. नोरोव, म्हणजे चोइदोगची बायको, पाण्याचे कॅन, शेणाच्या गोवऱ्या, सगळं गाडीतून आणू लागली. एक आजारी मेंढीही कातडी सीटवर बसून फिरून आली आणि मेंढ्या जे करतात ते करून आली. गाडीच्या आतून एक बाई अधूनमधून जपानीत गोड आवाजात काहीतरी म्हणायची. नोरोव तिला पाहुणी म्हणायची आणि उत्तरही द्यायची.

तिसऱ्या दिवशी गाडी बसली ती उठेचना. पोट गवताला लागलं. गाडीतल्या पडद्यावर पिवळं चित्र आलं, खाली जपानी अक्षरं. लामाने पंचांग बघून बिऱ्हाड हलवायला वाघाचा दिवस दिला होता, तो परवावर आला होता, आणि उत्तरेकडचे ढग राखाडी व्हायला लागले होते.

मग काय, खोरंच्या खोरं वैद्य झालं. एकजण म्हणाला, हवा बदलली, समुद्राकाठची गाडी आहे, दम लागला असेल. दुसरा म्हणाला, मेंढी बसवलीत ना, रुसली. चोइदोगने सगळी बटणं दाबून पाहिली. वायपर फिरले, सीट गरम झाली, छत उघडलं, पाहुणी दोनदा बोलली. गाडी बसलेलीच.

"काय म्हणते ती?" चोइदोगने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता?"

"तूच बोलत असतेस तिच्याशी."

"मी बोलते. ती ऐकते कुठे?"

माझी भाची ओसाकाला असते. मी तिला पडद्याचा फोटो धाडला. तिचा निरोप आला: 'काका, त्यात लिहिलंय, जवळच्या आमच्या दुकानात घेऊन या.' जवळचं दुकान समुद्रापलीकडे. आणि साधं सुटं सामान मिळायचं तर प्रांताच्या गावी, जाऊन-येऊन चार दिवस. चोइदोगने तो निरोप तीनदा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू भाची मीच चुकीची निवडली.

शेवटी नोरोवने गाडीचं पुढचं झाकण उघडायला लावलं. आत एक काळी पेटी, तिच्यात दाटीवाटीने रंगीत दातांसारखे तुकडे बसवलेले. ती बोट फिरवत गेली आणि थांबली.

"इथला दात पडलाय. मोठा होता."

आजी आतूनच म्हणाली, "पडला नाही. ठेवून घेतलाय."

"कुणी?"

"शागदरच्या आईने, खांदने. जनावर विकताना आयाळीतला केस ठेवतात ना, नाहीतर घरचं दैव त्याच्याबरोबर जातं. मी नाही का करड्याचा ठेवला? ती काय गाडी तशीच सोडेल?"

चोइदोग मटकन खाली बसला. आता दोघंही बसलेले.

शागदरचं घर सपाटीवर आहे म्हणून निभावलं. गाडी पोट घासत, दगड चुकवत निघाली. एक म्हातारी शेळी रमतगमत आम्हाला मागे टाकून गेली. मीही गेलो. मला काम नव्हतं, आणि असतं तरी गेलो असतो.

तिथे आधी तपकिरीच्या कुप्या इकडून तिकडे झाल्या. खारट चहा झाला, गवत कसं आहे, गुरं कशी आहेत, सगळं झालं. मग देजिदआजीच म्हणाली, "खांद, आमचा केस दे."

खांदआजीने पेटीतून रेशमी पुरचुंडी काढली. आत बोटाच्या पेराएवढा काळा ठोकळा, खाली चार पाय.

शागदर मान खाजवत म्हणाला, "आत पन्नास तरी होते, दादा. आई म्हणाली छोटं काहीतरी दे. म्हटलं पन्नासातला एक गेला तर कळणार कुणाला? दोन दिवस चालली म्हणता, ती आतल्या उरल्या हवेवर चालली असणार."

"चार पाय आहेत त्याला," खांदआजी म्हणाली. "म्हणून मला आवडला. देजिद, तू करड्याचा केस ठेवलास की नाही?"

"ठेवलाय."

"मग?"

"माझ्या केसावाचून घोडा उठतो, बाई."

खांदआजीने पुरचुंडी हातात आणखी घट्ट धरली. एकदा केस न ठेवता घोडी विकली, त्या हिवाळ्यात अर्धा कळप गेला, हे ती दहा वेळा सांगून चुकली होती. रिकाम्या हाताने ती देणार नव्हती. गाडीचं दुसरं काहीतरी हवं.

चोइदोगने राखदाणी पुढे केली. नको. पायाखालची चटई?

"चटईत कसलं दैव? जनावराचं दैव नाकाशी असतं. म्हणून तर विकताना नाक पुसतात." आणि तिने दारातून गाडीच्या नाकाकडे पाहिलं.

चोइदोगला कळलं. त्याचा चेहरा ओल्या लोकरी नमद्यासारखा झाला. "आजी, मागेही एक आहे, थोडं लहान. ते घ्या ना."

"शेपटीचं दैव माश्या हाकायला."

त्याने आईकडे पाहिलं. ती गुडघा चोळत होती. चोइदोग उठला आणि शागदरकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. चिन्ह निघता निघेना. निघालं तेव्हा त्याने ते शेवटचं एकदा बाहीने पुसलं आणि खांदआजीच्या रेशमात ठेवलं.

ठोकळा जागेवर बसला. गाडी थोडा वेळ विचार करत राहिली, मग घरघरली आणि उठली. पाहुणी काहीतरी म्हणाली. नोरोव म्हणाली, "हो हो, चल."

वाघाच्या दिवशी खिंडीत पहिले बर्फाचे कण उडत होते. एकही धोंडा पोटाला लागला नाही. नाकावरची भोकं झाकायला नोरोवने निळं वस्त्र तिथे बांधलं होतं, ते वाऱ्यावर वेसणीसारखं हलत होतं. वाटेत भेटलेला एक गुराखी गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "आकार तर त्या मोठ्या गाडीसारखा आहे. नक्कल आहे का?" कुठून सुरुवात करावी ते चोइदोगला कळेना, म्हणून त्याने गाडी पुढे काढली.

हिवाळ्याच्या तळावर गाडी थांबली. चोइदोगचा हात किल्लीकडे जात होता, तेवढ्यात मागून आजी म्हणाली, "सोग, सोग." गाडी सुस्कारा टाकून बसली. आजीने डावा पाय खाली ठेवला, मग उजवा, आणि कुणाला हाक न मारता तंबूच्या धुराड्याची जागा बघायला चालू लागली. चोइदोगने बघितलं, त्याचा हात किल्लीवर होता. आपण ती फिरवली होती की नाही, हे त्याला अजून नक्की सांगता येत नाही.