सव्वा तासाचं विमान

इतकी वर्षं झाली, तरी इंदूरच्या छत्रीबागेतलं ते प्रकरण माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. संध्याकाळी एक निनावी फोन आला. गल्लीतल्या एका मराठी घरातली म्हातारी सकाळी गेली, आदल्या दिवशी तिचं धाकट्या मुलाशी भांडण झालं होतं, आणि मोठा पुण्याहून पोचण्याआधीच तिला अग्नी दिला. अशा खबरीत बहुधा जुनं वैर असतं. पण थोड्याच वेळात मोठा मुलगा स्वतः आला, स्मशानातून सरळ, खांद्यावर प्रवासाची बॅग तशीच.

"माझ्या भावाने आईला मारलंय," तो म्हणाला. "नाहीतर तोंड बघू दिलं असतं."

देहच नाही, तर शवविच्छेदन कशाचं करणार? अकस्मात मृत्यूची नोंद केली, डॉक्टरांचा जबाब घेतला. हृदयविकार जुना होता, संशयाला जागा नव्हती. तरी दोघा भावांना समोरासमोर बसवलं आणि धाकट्याला विचारलं, घाई कसली होती?

"घाई नाही सर, थांबलो ना आम्ही. मामांनी मोबाइलवर बघितलं, पुणे ते इंदूर पाचशे किलोमीटर, विमानाने सव्वा घंटा. दादाचा मेसेज दुपारीच आला होता, बसतोय म्हणून. मग फोन बंद. दिवस मावळायला आला, सगळे म्हणाले, येत नाही तो, बहाना आहे. अंधार पडल्यावर अग्नी देत नाहीत. मग मीच..."

मोठ्या भावाने दोन बोर्डिंग पास टेबलावर ठेवले. थेट विमान सकाळीच गेलं होतं. तो दिल्लीमार्गे आला होता, हे कळवायचं घाईत राहून गेलं होतं, आणि दिल्लीत उतरेपर्यंत मोबाइलची बॅटरी संपली होती. धाकटा ते पास कितीतरी वेळ बघत राहिला.

मी चौकशी सोडली नाही. खोटं बोलणारा मोठी हकीकत पाठ करून येतो, बारीकसारीक विचारलं की अडतो. भांडण कशावरून? गोळ्या घेत नव्हती, म्हणून तो ओरडला होता. आंघोळ मावशीने घातली. साडी निळी, दादाने आणलेली. चष्मा काढला होता, पण त्याशिवाय ती परकी वाटायला लागली, म्हणून पुन्हा लावला. तो कुठेच अडला नाही. मी चेहऱ्याबद्दल विचारलं.

"तोंड थोडं उघडं होतं. दुपारी पेपर वाचता वाचता झोपायची ना, तशी."

मोठा पुढे सरकला. "अजून सांग," तो भावाला म्हणाला. "केस विंचरले होते?"

मी पेन खाली ठेवलं. पुढचे प्रश्न त्याचेच होते.

तक्रार त्याने मागे घेतली. दोन विमानतळांमधला वेळ कुठेही वाचायला मिळतो. माणसाला आपल्या घरी पोचायला किती वेळ लागेल, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. मुलगी परदेशातून निघाली होती. नातेवाईकांनी मोबाइल काढले, तेव्हा मी ते खिशात ठेवायला सांगितलं. दिवस मावळला, गुरुजी उठून गेले. मी पुन्हा बर्फ मागवला आणि पत्नीजवळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मुलगी आली, आईचं तोंड तिने डोळे भरून बघितलं, आणि मगच आम्ही घरातून निघालो.