एका बोटानं दाखवा

नसरापूरच्या आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाई पेशंट रिक्षातून उतरतानाच खिडकीतून त्याची चाल बघतात. आत आल्यावर म्हणतात, "कुठं दुखतं, एका बोटानं दाखवा." सगळ्या कमरेवर हात फिरवलेला त्यांना चालत नाही.

परवा मी शेजारच्या टेबलावर शेक घेत होते. गुंजवणे गावातून सासूबरोबर आलेल्या एका सुनेनं कमरेखालच्या सांध्यावर नेमकं बोट ठेवलं. सासू म्हणाली, "फोटोत काय न्हाई निघालं. भाताची लावणी आली की हिचं सोंग सुरू."

बाईंनी तिथं दाबलं. सून कळवळली.

"आजी, आता तुम्ही झोपा. उतरताना तुम्हीपण डावा पाय जपत होतात."

तिथंच दाबल्यावर म्हातारी ओरडली.

"कधीपासून?"

"हिचा नवरा पोटात हुता तवापासनं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलले की. माझी सासू बी सोंगच म्हनायची."