डाव्या टोकाची पट्टी

इंग्रज साहेब गोंदिया सोडून गेले तेव्हा बाबांनी त्यांच्या लिलावातून एक पियानो घेतला. बाबांचा धंदा लाखेचा. देवरीकडच्या जंगलातली लाख आमच्याकडे गाळली जायची आणि कलकत्त्याला जायची. पियानो मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले होते, पण घरात कोणी असलं की मी वाजवत नसे. म्हणून त्यावर लाखेचे नमुने पडून असत.

मग रेल्वेच्या अँग्लो-इंडियन डॉक्टरांकडे त्यांची थोरली बहीण राहायला आली. या बाईंच्या पियानोच्या ग्रामोफोन तबकड्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हाला उभं राहून ऐकायला लावत. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं त्यांनी एकही तबकडी केली नव्हती. आता कलकत्त्याच्या एका कंपनीने दिवाळीनंतर बोलावलं होतं, आणि सरावाला पियानो आमचाच.

"तबकड्या लाखेच्याच बनतात," बाबा म्हणाले. "म्हणजे निम्मी तबकडी आमची, मॅडम."

"मग निम्म्या चुकाही तुमच्या," त्या हसून म्हणाल्या.

मी त्यांच्या डावीकडे बसून पानं उलटायची. तबकडीसाठीचा तुकडा चार मिनिटांचा होता. त्यात अगदी डावीकडची एक खर्जाची पट्टी सहा वेळा यायची, दर वेळी त्यांच्या करंगळीखाली. पावसाळ्याच्या ओलीने ती पट्टी फुगून बसली होती. तिथे आलं की नुसता लाकडाचा टक् असा आवाज. "मेली पट्टी!" म्हणून त्या पुढे जात.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी बाबांनी गोदामातला म्हातारा सुतार पाठवला. त्याने पट्टी काढली, घासली, परत बसवली. "वाजवून पाहा ताई. आता वाजून राहिली का नाही?" मी दाबली. खर्ज थेट खिडकीच्या काचेपर्यंत गेला.

उद्या मॅडम आल्या की सांगायचं, असं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी त्या येताच वाजवायला बसल्या. मी तोंड उघडणार, तोच ती जागा आली. टक्. करंगळी पट्टीवर होती, पट्टी खालीही गेली होती. बोटात जोरच नव्हता.

"अजून मुकीच," त्या म्हणाल्या. मी पान उलटलं.

हे ऐकून बाबांनी सुताराला बोलावलं. "काय रे, काल दुपारभर काय केलंस मग?"

"ताईनं त् वाजवून पाह्यली जी, मालक. ताईले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी उठून एक बोट टेकवलं असतं तरी पुरे होतं. "मला नीट आठवत नाही," मी म्हणाले. पायरीवरचा आपला रंधा उचलून सुतार गेला.

त्यानंतर सांगणं रोज अवघड होत गेलं. त्यांनी दुसऱ्या बोटाने ती पट्टी कधीच दाबून पाहिली नाही. रात्री अंथरुणात मी इंग्रजीत वाक्यं जुळवायची; सकाळी त्यांचा ताजा, फुललेला चेहरा दिसला की ती वाक्यं जायची. कलकत्त्याला निघताना स्टेशनवर त्यांनी माझा गाल थोपटला. "तिथे चांगला पियानो असेल," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

आठ दिवसांनी सकाळी त्या एकट्याच आल्या. कंपनीने त्यांचं वाजवणं त्यांनाच लगेच परत ऐकवलं होतं, एवढंच बोलल्या. बसल्या नाहीत. उभ्या उभ्या करंगळीने ती पट्टी दाबली. टक्. मग त्याच हाताच्या तर्जनीने. खर्ज खोलीभर घुमला, आणि तो विरेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.

"केव्हा दुरुस्त झाली?"

"दसऱ्याच्या आधी."

आतून बाबांचा आवाज आला, "काय मॅडम, केव्हा येते आपली तबकडी?"

उत्तर मी द्यावं म्हणून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.