बत्तिसावा रस्ता

भूत-भानामतीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहून निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात वाटली आहेत. त्यामुळे मला भोळा समजून हे वाचू नका. घडलं ते भर दुपारी, बारामतीत, माझ्या मित्राच्या, सतीशच्या, कॉम्प्युटर क्लासमध्ये... सत्त्याण्णवच्या मे महिन्यात.

लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर शाळेची गाडी येत नव्हती. "फेरा लांब पडतो" — हे शाळेचं ठरलेलं उत्तर. फेरा गाडीला लांब, आणि पोरींच्या पायांना जवळ? माझी बहीण सुनी सातवी पास झालेली. गाडी नसेल तर आठवी नाही, असं आमच्या वडिलांनी, आबांनी, सांगून टाकलं होतं. गाडीसाठी पत्रक काढून झालं, आता आकड्यांचा पुरावा हवा होता.

सतीशकडे फ्लॉपीवर ग्राफची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संच, होती. वस्त्या म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेषा. फाइलमध्ये एका ओळीत एक रस्ता लिहायचा, लायब्ररी ती वाचून सगळ्यात जवळची वाट काढते. सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, फेरे मोजत मी एकतीस रस्ते मापले होते. ते त्यानं टाइप केले.

स्क्रीनवर आलं — वाचलेले रस्ते: ३२.

"तुला मोजता येत न्हाय," सतीश म्हणाला.

"तुला टाइप करता येत न्हाय."

दोघांनी बोट ठेवून मोजलं. ओळी एकतीसच. प्रिंट काढली, तर आमच्या वस्तीपासून थेट कालव्याच्या पुलापर्यंत दोन किलोमीटरचा रस्ता. तिथं तर नुसती वेडी बाभळ. मी सतीशवर भडकलो.

"आरं, तुझी वस्ती मी बघितली तरी हाय का?"

घरी थोरल्या चुलत्यांना, तात्यांना, प्रिंट वाचून दाखवली. मेंढरांमागं हयात गेलेला माणूस. ते हसायलाच लागले.

"ही तर आमच्या मेंढरांची वाट. बाभळीखाली हाय अजून. तुला कुणी सांगितली?"

"कॉम्प्युटरनं."

"मग त्येनं मेंढरं राखली असत्याल."

आठ दिवसांत वस्तीनं बाभळ तोडली. चिंधीच्या चाकानं मी वाट मापली — बरोब्बर दोन किलोमीटर. फेरा निम्मा झाला. जूनमध्ये गाडी आली. सुनी खिडकीशी बसली आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आता ती दहावीला आहे.

तीच फाइल आम्ही नंतर कितीदा वाचायला लावली... दर वेळी एकतीस. प्रिंट तेवढी माझ्याकडं आहे.

गाडीच्या अर्जात एक रकाना होता — मार्ग कोणी शोधला? अर्जातले रकाने कोरे सोडतात म्हणून मी साहेबांशी भांडत आलोय. तो एक मात्र मीच कोरा सोडला.