बॉनेट गरम होतं

असले किस्से वाचून आजवर मी फक्त हसलोय, हे आधीच सांगून टाकतो. ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं की खाली पहिली खवचट कमेंट माझी. त्यामुळे आता माझी खेचा, चालेल... पण आधी पूर्ण वाचा.

मागच्या वर्षीची गोष्ट. मी जोगेश्वरीला राहतो. दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची, हे कॉलेजपासूनचं खूळ. नवी या जन्मात शक्य नाही, म्हणून सेकंडहँड शोधत होतो. बोरिवलीच्या एका सोसायटीत एक लाल गाडी विकायची होती. जाहिरातीत लिहिलेलं — आठ महिने बंद आहे. बंद गाडी म्हणजे डोक्याला ताप. सील सुकतात, ऑइल गळतं, आणि असलं इंजिन खोलायची वेळ आली तर वाट लागली! म्हणून माझा मेकॅनिक मित्र सुऱ्या, त्याला सोबत घेतलं. रविवारी सकाळी अकराला पोचलो.

जुनी गाडी बघायची आमची एक रीत आहे. चावी मागायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गार हवं. गरम लागलं तर समजायचं, आपण यायच्या आधी मालकाने इंजिन तापवून ठेवलंय — गार असताना ते किती रडतं, धूर किती सोडतं, हे आपल्याला कळू नये म्हणून.

गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, ऊन पोचतच नाही अशा कोपऱ्यात उभी होती. सत्तरीचे काका कव्हर काढून बाजूला झाले. मी हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चांगलंच गरम!

माझं डोकंच फिरलं. "काका, आठ महिने बंद ना? मग हे काय? आम्हाला येडे समजलात का?"

सुऱ्याने तोवर बॉनेट उघडलं होतं. "गप ए," तो म्हणाला. "इकडे बघ."

आत बॅटरीच नव्हती. तिच्या रिकाम्या जागेवर धूळ, सुट्या वायरींना कोळ्याचं जाळं. चारही टायर बसलेले. सुऱ्याने इंजिनाला हात लावला... "आत्ता बंद केल्यासारखं आहे रे."

"बॅटरी मीच काढून ठेवली, निनाद गेल्यावर," काका म्हणाले. निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा. एकतीस वर्षांचा. ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला. दर रविवारी पहाटे ही गाडी घेऊन निघायचा आणि अकराला आईच्या हातचे घावणे खायला परत. "तेव्हापासून दर रविवारी या वेळेला ही अशी तापते. मी तुम्हाला दुसरा वार द्यायला हवा होता."

तेव्हा मला काकू दिसल्या. खांबाआड प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या. सुऱ्याने बॉनेट लावलं तशा उठल्या आणि त्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. "माझो झील इलो," मला म्हणाल्या. मुलगा घरी आला हे शेजाऱ्याला सांगावं, इतक्या साधेपणाने.

लाज वाटली हो. त्या बाईसमोर मी आवाज चढवला होता.

काकांनी मला बाजूला घेतलं. "आठवडाभर ही रविवारची वाट बघते. जेवण सुटलंय, कुणाशी बोलत नाही, रडतसुद्धा नाही. मुलगा तर गेलाच... आता हीपण चाललीय माझ्या डोळ्यांदेखत. घेऊन जा तुम्ही गाडी."

खरं सांगतो, मला नको होती ती गाडी. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर काकूच म्हणाल्या, "घेऊन जा, बाबा. उभी करून करून हाल झालेत तिचे. त्याने बघितलं असतं तर माझ्यावर चिडला असता. चालव तिला."

घेतली. सुऱ्याने गॅरेजला नेऊन सगळं तपासलं. एक सील बदललं, बाकी इंजिन झकास. ते तापायचं कशाने, विचारलं तर म्हणाला, "मला नको विचारूस यार." मला आजही काही कळलेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही.

पहिल्या रविवारी मी साडेदहापासून गाडीपाशी होतो. मुद्दाम चालवली नव्हती. अकरा वाजले. सव्वाअकरा. बॉनेट गार. मनात म्हणत होतो, ये रे बाबा, एकदा तरी ये.

फोन वाजला. काकू.

"तापली?"

हो म्हणावंसं वाटलं. ओठांवर आलं होतं. जमलं नाही. "नाही, काकू. गार आहे."

"नीट बघितलंस?"

"हात तिथेच आहे माझा."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे गेलो माझो झील." आणि रडायला लागल्या. मोठमोठ्याने, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी फोन ठेवला नाही.