आमच्या पेठेतला एकपाठी

हुशारी अंगात नसताना तिचा जाच पंधरा वर्षं सोसलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझा आतेभाऊ. अख्खी पेठ त्याला ‘एकपाठी’ म्हणायची. एकदा कानावरून गेलं की कायमचं पाठ, असा त्याचा लौकिक. महाराजांनी रयतेच्या पोरांना शिकवायचं मनावर घेतलं होतं तो काळ. खेड्याखेड्यांतून पोरं वळकट्या घेऊन कोल्हापुरात शिकायला येत होती, आणि आमच्या घरात तर आयता विद्वानच जन्माला आला होता. आत्या नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. दोन म्हशी आणि हा मुलगा एवढाच तिचा संसार. म्हशींविषयी तिच्या पुष्कळ तक्रारी असत, मुलाविषयी एकही नसे.

लौकिकाचं मूळ असं. तो पाच वर्षांचा असताना शेजारच्या शाळेतले पंतोजी एका सकाळी दूध न्यायला आमच्या दारात आले आणि सवयीनं माझ्या थोरल्या भावाला औटकी विचारून बसले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो म्हणायचा म्हटल्यावर भावाला घाम फुटला. तेवढ्यात म्हशीच्या आडून हे चिरंजीव पुढे आले, एका दमात सगळी औटकी म्हणाले आणि परत म्हशीच्या आड गेले. पंतोजींनी हातातला लोटा खाली ठेवला. “अहो, याला अजून शाळेतही घातलेलं नाही! हा एकपाठी आहे, एकपाठी!” दुपारपर्यंत बातमी रंकाळ्यावर पोचली. खरी गोष्ट त्यानं पुढे मला एकट्याला सांगितली. आमच्या गोठ्याची आणि शाळेची भिंत एकच. आत्या सकाळ-संध्याकाळ धार काढायची तेव्हा हा तिच्याजवळ बसायचा आणि पलीकडे साठ पोरं गळा काढून तीच औटकी घोकायची. दोन वर्षं ऐकून म्हशींनासुद्धा ती पाठ झाली असणार, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

झालं. त्या दिवसापासून त्याच्या हातून पाण्याची घागर गेली, शेणाची पाटी गेली, गल्लीतली हुतूतू गेली. डोकं दुखावेल म्हणून आत्या त्याला झाडावर चढू देत नसे. रोज सकाळी सात भिजवलेले बदाम त्याच्यापुढे यायचे. त्याला बदामांची शिसारी होती, म्हणून ते तो गुपचूप मला द्यायचा. आज माझ्या डोक्यात जे काही आहे ते त्याच्या वाट्याचं आहे, हे मी कबूल करतो. पाहुणा आला की आत्या पोराला पुढे ओढायची. “पावणं, काय बी इचारा की ह्येला!” पाहुणा विचारायचा, “आठ औटे किती?” हा डोळे मिटायचा. त्याला पाढा चालीवरच येत असल्यामुळे मनातल्या मनात एकापासून सुरुवात करून आठापर्यंत चालत यावं लागायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, पोराची समाधी लागली. अठ्ठावीस म्हणेपर्यंत दोन-चार बायका हात जोडून उभ्या असायच्या. जे अजिबात येत नसे त्यावर तो गंभीरपणे म्हणायचा, “ह्येचं उत्तर येवढ्यात देणं बरं न्हाय.” हे वाक्य त्याला फार लांबवर घेऊन गेलं. पंतोजी तर माझा कान पिळताना त्याचंच नाव घेत, त्यामुळे माझा एक कान आजही दुसऱ्यापेक्षा जरा लांब आहे.

मॅट्रिकला मात्र तो आपटला. पेठेनं मान्य केलं नाही. कुणी म्हणालं, पेपर त्याच्या मानानं फारच हलका होता. आत्या म्हणाली, “तपासणाऱ्याला उत्तरच कळलं नसंल.” तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि जोतिबाला नवस बोलली, ‘पोरगं पास होईतोवर पायात वहाण घालणार न्हाय.’ दुसऱ्या वर्षी तो पुन्हा नापास झाला. तिसऱ्या वर्षीही झाला. मंगळवार-शुक्रवार बाजाराला जाणारी, उन्हाळ्यात चटके खात दूध घालणारी आत्या तीन वर्षं अनवाणी फिरत होती. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि रात्री ती त्यात मेण भरायची. आतेभाऊ त्या टाचांकडे बघायचा आणि जेवण अर्धवट टाकून उठायचा. “तिला खरं सांगावं तर तिचा जीव जाईल,” तो मला म्हणायचा, “आन् न सांगावं तर पाय जातील.”

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर तो अभ्यासाला म्हणून पहाटेच पुस्तकं घेऊन नदीकडे जाऊ लागला. थोड्याच दिवसांत त्याच्या पुस्तकांना मुंग्या लागल्या. आत्याला त्यात वावगं वाटलं नाही. “इद्येची गोडी हाय ती,” ती म्हणाली. मी मात्र एके दिवशी मागोमाग गेलो. नदीपलीकडच्या एका गुऱ्हाळावर हा पठ्ठ्या गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, रस उकळत असलेल्या काहिलीपुढे उभा. तिथला गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा म्हातारा मुसलमान कारागीर होता, त्याला सगळे चाचा म्हणत. आतेभावाचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. “पैल्याच दिवशी काहीलभर रसाचं आख्खं आधण करपवलं बघ,” तो अभिमानानं म्हणाला. “चाचानं अशी शिवी हासडली म्हंतोस! आजवर मला कुणी शिवीच दिली न्हवती रं. लई बरं वाटलं.” त्यानंतर त्यानं आणखी सतरा आधणं बिघडवली, सतरा वेळा शिव्या खाल्ल्या आणि गूळ शिकला.

संक्रांतीच्या सुमाराला कुणीतरी आत्याला सांगितलंच. ती मला घेऊन तडक निघाली. ओला चोथा आणि चिपाडं तुडवत अनवाणी गुऱ्हाळात शिरली तेव्हा आधण अगदी शेवटाला आलं होतं. अशा वेळी गुळव्यानं काहिलीवरून नजर काढली की गूळ गेला. त्यामुळे पंधरा वर्षांचा कबुलीजबाब आतेभावानं आईकडे पाठ करून दिला. “आई, मी एकपाठी न्हाय. शाळंची पोरं रोज वरडायची, ते ऐकून पाठ झालतं. मला एकदा वाचून काय बी येत न्हाय. धा येळा बी येत न्हाय.” कामावरच्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून पुढे सरकल्या. चाचा म्हणाला, “उतरू या आता.” हा म्हणाला, “अजून न्हाय.” त्यानं पाकाचा थेंब पाण्यात टाकला, गोळी वळली, बोटांत दाबून बघितली, थांबला, आणि एकदम ओरडला, “आता!” गडी धावले. काहील उतरली. गूळ असा पिवळाधमक पडला की चाचा बराच वेळ त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

आत्या चिपाडांच्या ढिगावर बसली. “आता जोतिबाला मी काय सांगू?” ती म्हणाली. चाचा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “वैनी, पास झाला म्हनून सांगा. चाळीस वर्सं गूळ करतोय मी, माझ्या हातनं आजवर एकबी पोरगं पास झालं न्हवतं. लिवता येत न्हाय, पर कागदावर अंगठा उठवून देतो की!” आत्यानं बराच विचार केला. नवसात पास होणं होतं, कशात ते नव्हतं. तिनं कोमट गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे पुसले आणि शेजारच्या बाईकडे वळून म्हणाली, “एकदा बघितलं की कळतंय ह्येला. ल्हानपनापासनं तसंच हाय.” चाचा कळवळून म्हणाला, “एकदा कुठलं? अठरा आधणं जाळलीत ह्येनं!” आत्या म्हणाली, “तरी बी!” दुसऱ्या दिवशी माय-लेक जोतिबाला जाऊन आले, आणि आतेभावानं तिच्यासाठी करकरणाऱ्या वहाणा करून घेतल्या. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा.

पुढे बरीच वर्षं आत्या हंगामात गुऱ्हाळाच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची कीर्ती सांगायची. पहिल्याच दिवशी चाचानं याचे पाय धरले, इथपर्यंत ती गोष्ट गेली होती. हा लाजून मेल्यासारखा व्हायचा, “गप की आई,” म्हणायचा. आता आत्या नाही, चाचाही नाही. गेल्या हंगामात मी गेलो होतो. आधण उतरलं, चार गावचे लोक वाहवा करत होते, आणि हा कडेच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होता. मी म्हटलं, “काय रे, एवढी स्तुती चाललीय तुझी.” तो म्हणाला, “व्हय की. पर हाय तेवढंच सांगत्यात रं ही मानसं. आई असती तर धापट सांगितलं असतं.” आणि त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. धूर लागला, असं काही तो म्हणाला नाही.