आलाच आहात तर मुक्कामच करा

शेवंतीला झोप अशी येतच नाही. ती भिंतीला पाठ लावून बसते, डोळे मिटते, आणि मान जरा कलली की बाहेर मोटारसायकल थांबल्यासारखी वाटते. ती दचकते. मोटारसायकल पुढे निघून जाते. दुपार उतरायला लागली आहे. दाराला आतून अडसर आहे, खिडकीवर आडवी फळी ठोकली आहे, कारण परवा त्याच खिडकीतून दगड आला. आतल्या खोलीत तिचा मुलगा रूपेश एकच वाक्य घोकतो आहे, शाळेत पाढे घोकायचा त्याच चालीवर. "माझी मोठी आई आत होती हे मला माहीत नव्हतं. माझी मोठी आई आत होती हे मला माहीत नव्हतं." त्या चालीवर शेवंतीची मान पुन्हा कलते.

झालं ते असं. खाडीच्या तोंडावर जाखाईचं टोक आहे. लाँच तिथे आली की उतारूंनी जागेवरून उठायचं, टोकाच्या बाजूला जायचं आणि देवीला हात जोडायचे, ही इथली बापजाद्यांपासूनची रीत. लाँच रोज त्या बाजूला कलायची आणि रोज सरळ व्हायची. त्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नव्हती, टपावरसुद्धा माणसं बसवली होती. लाँच कलली ती कललीच.

रूपेश लाँच कंपनीच्या खिडकीवर तिकिटं फाडायचा. धक्क्याला पहिली प्रेतं लागत होती तेव्हा कोण्या बातमीदाराने त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून विचारलं, हे कसं झालं? तो म्हणाला, "सगळे देवीला हात जोडायला एका बाजूला धावले. देवी म्हणाली असेल, आलाच आहात तर मुक्कामच करा." आणि हसला. त्या घटकेला त्याला ठाऊक नव्हतं की त्याच लाँचवर द्रौपदी होती. द्रौपदी म्हणजे शेवंतीची थोरली जाऊ. दोघींचे नवरे कधीच गेले, चूल एकच राहिली, आणि द्रौपदीला मूलबाळ नसल्यामुळे रूपेश तिच्याच अंगाखांद्यावर वाढला, तिला मोठी आई म्हणत. ती माहेरी बारशाला निघाली होती, एसटीने. एसटी चुकली म्हणून धावत धक्क्यावर आली आणि सुटत्या लाँचवर चढली. तिकिटाच्या खिडकीकडे ती फिरकलीच नाही.

ते हसू घरोघर पोचलं. जिल्हा बंद झाला. धक्क्यावर रूपेशच्या फोटोला चपलांचा हार पडला, ऑफिसच्या काचा फुटल्या, आणि रूपेशचं बोलणं हे त्याचं स्वतःचं, त्याच्याशी आमचा संबंध नाही, असं कंपनीने पेपरात छापून आणलं. वाडीतला दुकानदार शेवंतीला मीठ देईना. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे तर मिठाचा खडासुद्धा फिरला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जाऊ गेली म्हणून रडायचं की मुलाने दात काढले म्हणून तोंड लपवायचं, हे तिला कळेना.

आज संध्याकाळी देवळापुढे सगळी वाडी जमणार आहे. रूपेशने इथे राहायचं की जायचं ते तिथे ठरणार. कंपनीचे मॅनेजर पेडणेकर काल मागच्या दाराने येऊन सांगून गेले, "काकी आत होती हे माहीत नव्हतं, एवढंच बोलायचं. लोकांच्या पाया पडायचं. शेवटी तुमच्याच घरातलं माणूस गेलंय, लोक विरघळतील. आईनेही तेच बोलायचं. विषय मिटला." शेवंतीला ते पटलं आहे. पोटचा गोळा वाचत असेल तर कुणाला पटणार नाही? शिवाय ते खोटंही नाही.

"सरक गो जरा," शेजारून कोणीतरी म्हणतं, आणि शेवंती सवयीने सरकते.

द्रौपदी मांडी घालून टेकते. तिचं पातळ कोरडं आहे, याचंच शेवंतीला नवल वाटतं.

"वयनी, तू एसटीन गेल्लंस मां?"

"एसटी काय माज्या बापाशीची? गेली ती."

शेवंतीला हसू येतं आणि हसायची भीतीही वाटते. या घरात आता हसायचं नाही. तिच्या पाठीमागची भिंत थरथरायला लागते. ती भिंत नाही, फळी आहे, आणि खाली इंजिन धडधडतं आहे. दोघी लाँचच्या बाकावर बसल्या आहेत. समोर पाट्या, पिशव्या, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, आणि डोक्यावर टपावरच्या माणसांचे पाय वाजताहेत. चेहरे नीट दिसत नाहीत.

"आता टोक येतलां," द्रौपदी म्हणते.

शेवंती तिचं मनगट घट्ट धरते. "उठू नको, वयनी."

"त्या दिसाक पयली मीच उठलंय. बायांनू, देवी इली, हात जोडा, असां मीच आरडलंय. बसान हात जोडले असते तर देवी काय रागावली असती?"

"म्हणजे रूपेश खोटां नाय बोल्लो!" शेवंतीच्या जिवात जीव येतो. "लोक उठले म्हणानच झालां."

"खोटां खंय बोल्लो? अर्धां बोल्लो. टपार माणसां कोणी चढवल्यान, तां खंय बोल्लो तो?"

शेवंती उत्तर शोधते, तर ती तिकिटाच्या खिडकीसमोर रांगेत उभी आहे. गजांच्या आत रूपेश मान खाली घालून तिकिटं फाडतो आहे. त्याच्या मागे पेडणेकर उभे आहेत आणि त्यांचा हात रूपेशच्या खांद्यावर आहे. "फाडत राहा," ते म्हणतात. "लाँच भरली असं तुला कोण म्हणालं?" शेवंती हाक मारते. रूपेश वर बघतो आणि हसतो. तेच हसू, मोबाईलमधलं.

"बघ," रांगेत तिच्या मागे उभी असलेली द्रौपदी म्हणते. "भियालो की हसता तो. मास्तरांनी छडी उचलली की हसायचो आणि दोन जास्त खायचो."

"होय गो! तांच सांगूया लोकांका. तो भियान हसलो म्हणान."

"तां तुका म्हायत, माका म्हायत. सरस्वतीन कशाक समजून घेवचां?"

सरस्वतीचं नाव ऐकल्यावर शेवंती चटकन मागे बघते. सरस्वती कोयंडे वरच्या आळीची. तिची मुलगी करिश्मा रोज लाँचने कॉलेजला जायची. दगड मारणाऱ्यांत सरस्वती नव्हती. ती एकदाच आली, दारासमोर उभी राहिली, काही न बोलता परत गेली. शेवंतीला दगडापेक्षा त्या उभं राहण्याची धास्ती जास्त आहे, आणि संध्याकाळी सरस्वती पहिल्या रांगेत असणार हे तिला ठाऊक आहे.

आणि सरस्वती इथेच बसली आहे, प्रेतं ठेवली होती त्या शाळेच्या हॉलमध्ये. फरशीवर चादरी अंथरल्या आहेत, प्रत्येकीखाली कोणीतरी आहे, भिंतीवर मुलांनी काढलेली फुलपाखरं तशीच आहेत. त्या दिवशी शेवंती इथे आली होती तेव्हा आतबाहेर गलका होता. आता कोणी रडत नाही. सरस्वती एका चादरीच्या पायथ्याशी बसून मोबाईल बघते आहे. मोबाईलमधून रूपेशचं हसू येतं. संपतं. ती बोट लावते, पुन्हा येतं.

"बंद कर गो तां," शेवंती म्हणते.

सरस्वती बोट लावते.

शेवंती तिच्यासमोर गुडघे टेकते, आणि काल पाठ केलेलं वाक्य तिच्या तोंडातून आपोआप बाहेर येतं. "सरस्वती, तेका म्हायत नव्हतां गो. तेची मोठी आये आत आसा ह्यां तेका म्हायत नव्हतां."

सरस्वती मान वर करत नाही. शेजारची चादर हलते. द्रौपदी ती बाजूला सारून उठून बसते, दुपारची झोप मोडल्यासारखी, केस मागे घेत.

"आणि मी आत नसतंय तर?" ती विचारते.

"काय?"

"मी एसटीन गेलंय असतंय, तर तां हसणां चाललां असतां?"

द्रौपदी सरस्वतीकडे बोट दाखवते.

"माज्या बाजूक हिची करिश्मा होती. तिचो हात माज्या हातात होतो, शेवटपर्यंत होतो. ती आत आसा ह्यां रूपेशाक म्हायत नव्हतां काय? तिकीट तेनाच फाडल्यान तिचां. रोज फाडायचो."

मोबाईल हसतो आणि थांबतो. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं, खरंच आलं नव्हतं. एवढे दिवस ती आपल्या जावेच्याच मरणाच्या आड मुलाला लपवत होती. आणि मग तिला राग येतो, भयंकर राग, मेलेल्या माणसावर कोणी रागवत नाही तसा.

"तुजो झील, तुजोच पोरगो तो!" ती ओरडते. "न्हाऊ-माखू तू घातलंस. आता तूच तेका बुडवतलंस?"

"मी खंयची बुडवतलंय? मी स्वतःच बुडलंय," द्रौपदी म्हणते, आणि स्वतःच फिसकन हसते. मग तिचा चेहरा उतरतो. "हसू नको म्हणतंय, आणि माकाच हसूक येता. शेवंते, आयक. आता सगळी वाडी उठान तेच्याच बाजूक धावताहा. परत एकाच बाजूक. आणि तो पेडणेकर दुसऱ्या बाजूक सुको उभो आसा. कोणी तेच्याकडे बघूक नाय."

"मग काय करू मी?"

"जां झालां तां सगळां सांगूक लाव झिलाक. हसलो तां चुकलां, कोण आत होतां आणि कोण नव्हतां तेचो काय संबंध नाय. आणि लाँच भरली तरी तिकिटां फाडूक कोणी लावल्यान, तां नाव घेऊन सांगूचां."

"मारून टाकतले तेका."

"कदाचित." द्रौपदी खोटा धीर देत नाही. जिवंत असतानाही कधी दिला नाही.

"माज्यान होवचां नाय, वयनी. थंय उभी रवलंय की तांच वाक्य तोंडात येतलां माज्या."

"येतलां खरां. इसरभोळी तू पयल्यापासून." द्रौपदी पुढे सरकते, शेवंतीच्या पदराचं टोक ओढून घेते आणि त्याला गाठ मारायला लागते. जाळ्याची दोरी आवळायची तशी, डाव्या हाताने पिळा देऊन, दाताने ओढून. ती डावखुरी. सगळी वाडी एका अंगाने गाठ मारते आणि ती दुसऱ्या, म्हणून तिने शिवलेलं जाळं कोणालाही ओळखू यायचं. ती वाकते तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळतं. इतका वेळ ती कोरडी होती.

"वयनी, भिजलंस तू."

"टोक इलां," द्रौपदी म्हणते.

हॉलची फरशी कलते. चादरी एकामागोमाग एका बाजूला घसरायला लागतात, सरस्वती घसरते, भिंतीवरची फुलपाखरं घसरतात, टपावरचे पाय धावतात आणि सगळीकडून माणसांच्या उठण्याचा आवाज येतो. शेवंतीही उठायला लागते, तिचे हात आपोआप जोडले जातात. कोणीतरी पदराला धरून तिला खाली ओढतं.

"उठू नको! बस गो. बसानच—"

"आये, ऊठ."

फळीच्या फटीतून आलेलं ऊन पिवळं झालं आहे. रूपेश समोर उभा आहे, दाढी केलेला, पांढरा शर्ट घातलेला, पेडणेकरांनी सांगितलं होतं तसा. त्याच्या हनुवटीवर वस्तरा लागला आहे. "निघूक व्हया," तो म्हणतो. "लोक जमले. माजां पाठ झालां. तू पण एकदा बोलून बघ."

शेवंती त्याच्याकडे बघत राहते. किती सोपं वाक्य आहे ते. तिच्या जिभेवर येऊन बसलंच आहे.

"तां बोलूचां नाय," ती म्हणते.

"काय बोलूचां नाय? आये, तां खरां आसा!"

"खरां आसा. पण करिश्मा आत आसा ह्यां तुका म्हायत होतां."

रूपेश हसतो. ओठ पसरतात, दात दिसतात, आणि डोळे मात्र तिच्याकडे बघतात ते पाण्यात पडलेल्या माणसासारखे. शेवंतीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटतं. ती दोन्हीतलं काही करत नाही.

"तुज्या मागे पेडणेकर उभो होतो. तिकिटां फाड म्हणान सांगत होतो. होय की नाय?"

"तुका कोणी सांगितल्यान?" रूपेशचा आवाज एकदम बारीक होतो. "तेचां नाव घेतलंय तर माजी नोकरी..."

"नोकरी गेलीच रे."

"आणि लोकांनी मारल्यानी तर?"

"मी बाजूक उभी आसंय."

ती जमिनीला हात टेकून उठते आणि पदर खांद्यावर घ्यायला जाते. पदराच्या टोकाला असलेलं काहीतरी कठीण तिच्या मनगटावर आपटतं. तिला वाटतं किल्ली असेल. ती बघते. गाठ आहे. सुपारीएवढी, गच्च आवळलेली. बाकीचा पदर कोरडा आहे आणि गाठ तेवढी ओली. शेवंती नखाने उकलून बघते. दाताने ओढून बघते. जिभेला खारट लागतं.

"काय झालां?" म्हणत रूपेश पुढे येतो आणि सोडवायला म्हणून गाठ हातात घेतो. त्याची बोटं पिळ्यावरून फिरतात, पुन्हा उलट फिरतात, आणि थांबतात. जाळी विणायला तो द्रौपदीच्या मांडीजवळ बसून शिकला. पिळा डावीकडून आहे.

त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं आहे. शेवंती त्याच्या हातातून पदर सोडवून घेते, गाठ मुठीत धरते आणि दाराचा अडसर काढते.